शाखा नावापुरत्याच उरल्यात. एका शाखेला कळलेलं दुसरीपर्यंत कसं पोचवता?

माळावरची

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण वाचा.

आमची नागरिकांची स्वयंसेवी संघटना आहे. पगारी माणूस एकही नाही. माहितीचा अधिकार, ग्रामसभा, रेशनकार्ड, दाखले, रस्ता, पाणी असल्या कामांसाठी कचेरीत हेलपाटे घालून थकलेल्या माणसासोबत आम्ही जातो, त्याला अर्ज लिहून देतो, पुढे पाठपुरावा करतो. जिल्ह्यात कागदावर नऊ तालुका शाखा आहेत. चालू आहेत तीन. त्याही कशा, तर प्रत्येक ठिकाणी एकेक माणूस आहे आणि सगळं त्याच्या डोक्यात आहे.

हे मला गेल्या वर्षी नीट कळलं. आमच्या एका शाखेचे सर वारले. निवृत्त शिक्षक, अकरा वर्षं एकहाती शाखा ओढली. तेराव्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी मला बोलावून एक कापडी पिशवी हातात दिली. आत दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. प्रत्येक अर्जाच्या मागे त्याचं उत्तर टाचलेलं, आणि उत्तराच्या समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात सरांचे शेरे. ‘झेरॉक्स मागितली, आधी अवलोकन मागायला हवं होतं.’ ‘साहेब नवे आलेत, समक्ष भेटा, कागद देतील.’ ‘पोच घेतली नाही, पंधरा दिवस फुकट.’ एका अर्जावर नुसतं ‘इथे चुकलो’ आणि खाली दोन रेघा.

तो अर्ज २०१७ चा. सरांनी नळयोजना आणि रस्ता दोन्हींची माहिती एकाच कागदात मागितली होती. आपल्या राज्याच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यावर बोट ठेवून अर्ज परत आला होता. मी ते वाचलं आणि पोटात कालवलं. कारण मागच्याच दिवाळीत आमच्या दुसऱ्या शाखेच्या पोरांना हुबेहूब तसंच पत्र आलं होतं. बावीस किलोमीटरवर! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आमच्याकडे पुढच्याला ठेच, मागच्यालाही ठेच, आणि दगड तोच. सरांनी सात वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं ते वाक्य पिशवीत बंद होतं.

आम्ही काही केलं नाही असं नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण सोमवारी कुणी चांगलं उत्तर दिलं तर गुरुवारी ते सापडत नाही, आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. दरवर्षी जिल्ह्याच्या गावी शिबिर होतं, पन्नास-साठ जण येतात. दोन वर्षांपूर्वी मी रात्री जागून नव्वद पानांची मार्गदर्शिका तयार केली आणि सगळ्यांना पाठवली. नंतर शाखाशाखांत जाऊन विचारलं, तर पूर्ण वाचलेला एकही भेटला नाही. मला राग नाही आला. शेतातून, दुकानातून, शाळेतून थकून आलेला माणूस नव्वद पानं कधी वाचणार?

सरांची शाखा आता बंद आहे. दोन तरुण पोरं तयार आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते त्यांना कळत नाही आणि मलाही नीट सांगता येत नाही. ज्यांच्या शाखा खरोखर उभ्या राहिल्यात त्यांनी सांगा. एकाचं शहाणपण दुसऱ्याकडे नेमकं कसं गेलं?

बारनिशी

ताई, सर गेले याचं वाईट वाटलं. अशी माणसं थोडी असतात.

मी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली बरीच आवक-जावकच्या टेबलावर. त्या बाजूने बघितलेलं सांगतो. चांगले अर्ज बुडतात ते बहुतेक तारखेमुळे. माहिती अधिकाराचा अर्ज दिला, तीस दिवसांत उत्तर आलं नाही, की कायद्याने तो नकारच धरायचा असतो. तिथून पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यानंतर माहिती आयोगाकडे दुसरं अपील, त्याला नव्वद दिवस. लोक काय करतात? ‘बघू, येईल उत्तर’ म्हणून चार-चार महिने वाट पाहतात. उशीर माफ करता येतो, पण सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण कोण ऐकणार?

म्हणून प्रत्येक शाखेला एक साधी वही द्या. अर्जाचा विषय, दिल्याची तारीख, तीस दिवस भरण्याची तारीख, अपिलाची शेवटची तारीख. चार रकाने बास. शेवटचे दोन रकाने अर्ज दिला त्याच दिवशी भरायचे, नंतर नाही. महिन्यातून एकदा त्या पानाचा फोटो शेजारच्या शाखेला पाठवायचा. दुसऱ्याची नजर फिरली की तारीख चुकत नाही.

अजून एक. तुमच्या शाखा सगळीकडे माहिती अधिकाराचाच अर्ज टाकत असतील, कारण तेवढंच येतं. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला अडला असेल तर आधी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा बघा. तिथे त्या सेवेची मुदत ठरलेली असते, पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो, ठरलेला असतो, आणि मुदत टळली की कचेरीतच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं. विनाकारण विलंब केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. तुमच्या नऊ शाखांत हे माहीत असलेलं कुणीतरी असणारच. तो माणूस हुडका.

पारावरचा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप आली नाही. आम्ही हेच सगळं भोगलंय. आमच्या सात शाखा होत्या, २०१८ पर्यंत दोन उरल्या. आज सहा आहेत, त्यातल्या पाच माझ्याशिवाय चालतात. काय केलं ते सांगतो. जमेल तेवढं घ्या.

आधी शिबिर बंद केलं. वाईट वाटलं, कारण शिबिराला गर्दी होते आणि फोटो चांगले येतात. पण शिबिरात माणूस कायदा ऐकतो. कलम सहा, कलम सात, कलम एकोणीस, सगळ्याला मान डोलावतो. घरी जाऊन कोरा कागद पुढे घेतला की ‘प्रति’ लिहून हात थांबतो. त्याला हवं असतं ते अगदी बारीक असतं. कुणाच्या नावे लिहायचं, जन माहिती अधिकारी त्या कचेरीत कोण आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प कुठे लावायचा, पोच द्यायला टाळाटाळ केली तर काय म्हणायचं. हे भाषणातून येत नाही. शेजारी बसून येतं.

मग आम्ही ‘फाइल वाचन’ सुरू केलं. महिन्यातून एकदा, शेजारशेजारच्या दोन शाखा, कुणाच्याही घरी, पाचसहा माणसं. संपलेली एक फाइल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत मोठ्याने वाचायची. ज्याने ते काम केलं त्यानेच वाचायचं. मध्ये कुणीही थांबवून विचारायचं. आणि उठण्याआधी ऐकणाऱ्या शाखेने आपल्या गावासाठी तसाच एक अर्ज तिथेच लिहायचा. ‘घरी जाऊन लिहितो’ चालत नाही.

कल्पना आमच्या डोक्यातली नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. कामांचे सरकारी कागद गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले, तेव्हा काम न करताच हजेरीपटावर आपलं नाव लागलंय हे लोकांना कळलं. कागद तोच. कपाटात होता तोवर मुका होता, जाणत्या माणसांसमोर वाचला की बोलायला लागला. पुढे देशभर माहिती अधिकाराची मागणी झाली, त्याच्या मुळाशी असली वाचनं आहेत.

आमचं एक वाचन सांगतो, कारण त्याच दिवशी माझी खात्री पटली.

एका शाखेने सांडपाण्याच्या गटाराची माहिती मागवली होती. पहिल्या अर्जात लिहिलं, ‘गटाराच्या कामाची संपूर्ण माहिती द्यावी.’ उत्तर आलं, माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, नेमकं काय हवं ते कळवावं. पोरं खचली. मग कुणीतरी कंत्राटदाराकडे काम केलेल्या माणसाला विचारून पाच कागदांची नावं आणली: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. दुसऱ्या अर्जात तेवढीच पाच नावं लिहिली. चौदा पानं मिळाली, पानाला दोन रुपयांप्रमाणे अठ्ठावीस रुपये भरून. मोजमाप पुस्तिकेत लांबी २१० मीटर. पोरांनी टेप लावला तर १६४ भरली. त्यावर तक्रार केली आणि फाइल बांधून ठेवली.

ती फाइल आम्ही वाचायला घेतली तेव्हा शेजारच्या शाखेकडून एक गवंडी आला होता. चौथी शिकलेला. अर्जबिर्ज काही येत नाही, म्हणून दाराजवळ बसला होता. मोजमापाचं पान वाचताना तो म्हणाला, ‘थांबा जरा, तो शेवटचा रकाना परत वाचा.’ तो जाडीचा रकाना होता. पुस्तिकेत तळाच्या काँक्रिटची जाडी १५ सेंटीमीटर लिहिलेली. गवंडी म्हणाला, ‘लांबी तुम्ही मोजली, जाडी कुणी मोजली? कडेला जिथं फुटलंय तिथं बोटं घालून बघा.’ दुसऱ्या दिवशी सगळे गेले. फुटलेल्या कडेला जेमतेम आठ भरली. पाच महिने ती पानं आमच्या पोरांकडे होती, वकील झालेला एक मुलगा त्यांत होता, आणि त्या रकान्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी ‘जिल्ह्याकडून शाखांना ज्ञान द्यायचं’ हे बोलणं सोडलं. गवंड्याला जे माहीत होतं ते मला जन्मात कळलं नसतं. त्या पाच कागदांची नावं आम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापली आणि सगळ्या शाखांना दिली. नव्वद पानांची मार्गदर्शिका कुणी वाचत नाही, पण ते कार्ड लोकांच्या पाकिटात असतं. गवंडीदादा आता आमच्या चार शाखांत मोजमाप शिकवायला जातात.

दुसरं थोडं कठोर वाटेल. ताई, तुम्ही फोन उचलणं कमी करा. मी जिल्ह्याचं काम बघायचो तेव्हा दिवसाला पंधरा-वीस फोन यायचे, प्रत्येकाला उत्तर द्यायचो आणि त्याचा मला अभिमान होता. पण त्यामुळेच कुठल्याही दोन शाखा एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग शेजारच्या दोन-दोन शाखांची जोडी लावली आणि नियम केला, आधी जोडशाखेला विचारा, दोघांनाही नाही जमलं तर मला. पहिले दोन महिने लोक रुसले. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, ‘साहेब झालात का आता?’ ते फार लागलं. पण तिसऱ्या महिन्यात त्याच्याच शाखेने शेजारच्यांचं अपील लिहून दिलं.

तिसरं फार जिव्हाळ्याचं आहे. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. जमिनीचे गैरव्यवहार ते माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. आपण सगळे ते विसरतो आणि ‘एकटा लढतोय’ याचं कौतुक करत बसतो. एकटा माणूस धोक्यात असतो, कारण माहिती त्याच्याच जवळ आहे हे समोरच्याला ठाऊक असतं. आमच्याकडे जोखमीची कुठलीही फाइल एका माणसाकडे राहत नाही. नक्कल जोडशाखेत जाते. अर्ज पण दोन शाखांतून दोन नावांनी जातात. कायद्याप्रमाणे कोणताही भारतीय नागरिक कुठल्याही कचेरीकडे माहिती मागू शकतो, त्या तालुक्याचा रहिवासी असावं लागत नाही, आणि कलम ६(२) प्रमाणे कारणही द्यावं लागत नाही. तुमच्या सरांची पिशवी अकरा वर्षं एकाच घरात होती हे वाचून मला पहिला विचार हाच आला. वाटण्याआधी मात्र प्रत्येक कागदावरचं अर्जदाराचं नाव, पत्ता, मोबाइल खोडा. लोकांनी सरांवर विश्वास ठेवून ते दिलेलं आहे.

कोर्ट फी

पारावरचा यांचं पटलं, पण एका गोष्टीवर अडते. वाटलेली माहिती शिळी होते, आणि शिळी माहिती न वाटलेल्या माहितीपेक्षा जास्त नुकसान करते.

आमच्या शाखेत ‘दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा’ हे सगळ्यांना पाठ होतं. एका मावशींनी पोस्टातल्या बचत खात्याबद्दल अर्ज केला, त्यावरही तोच स्टॅम्प लावला. परत आला. पोस्ट केंद्र सरकारचं. केंद्राच्या नियमांत फी रोख, धनाकर्ष (डीडी) किंवा पोस्टल ऑर्डरने भरायची, कोर्ट फी स्टॅम्प तिथे चालत नाही. मावशींना सांगणाऱ्याचं चुकलं नव्हतं, राज्याच्या कचेरीसाठी ते बरोबरच होतं. पण ‘कुठे लागू’ हे सांगायचं राहिलं. त्या बाईंनी त्यानंतर आमच्याकडे येणंच सोडलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून आमच्याकडे कुठलीही टीप पुढे पाठवताना तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: कुठल्या कचेरीत चाललं, कुठल्या महिन्यात, आणि मूळ आदेशाचा क्रमांक. नसेल तर टीप पुढे जात नाही. यामुळे आम्ही वाचलोही आहोत. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्यांत आणि महापालिकांसारख्या संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे आहेत. आमच्या शाखेचे लोक गेले तर टेबलावरच्या माणसाने ‘असा काही नियम नाही’ म्हणून सांगितलं. छापील प्रत पिशवीत होती, ती पुढे ठेवली. त्याने वाचली, आत जाऊन आला, आणि कपाट उघडलं. तो अडवत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. ती प्रत आम्ही तिथेच ठेवून आलो.

माळावरची ताई, सरांच्या ‘अवलोकन मागायला हवं होतं’ या शेऱ्याला यातून जोड मिळेल बघा. पानं विकत घेण्याआधी फाइल डोळ्यांनी बघितली की नेमकं काय मागायचं ते कळतं, आणि दीडशे शब्द पुरतात.

बारनिशी

कोर्ट फी यांच्याशी शंभर टक्के सहमत. प्रत ठेवून आलात हे फार आवडलं. आमच्या टेबलापर्यंत नवे आदेश सहा-सहा महिने पोचायचे नाहीत. समोरच्या बाजूलाही माहिती हवीच असते.

माळावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं.

मी सरांची पिशवी स्कॅन करून सगळ्यांना पाठवायला निघाले होते. म्हणजे पुन्हा नव्वद पानं, फक्त यावेळी चारशे झाली असती. ते थांबवलं. काल दोन्ही पोरांना घेऊन सरांच्या घरी गेले आणि फाइल वाचनाचं बोलले. सूनबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘वाचायला मीच बसते. त्यांचं शिसपेन्सिलीचं अक्षर तुम्हाला लागायचं नाही. रात्री ते लिहायचे तेव्हा कंदील मीच धरायचे, वीज नसायची तेव्हा.’ अकरा वर्षं आम्ही त्या घरी चहा प्यायलो आणि त्यांना एकदाही काही विचारलं नाही. कुठला अर्ज कुणासाठी होता, कोण रडत आलं होतं, कुठल्या साहेबांनी मदत केली, सगळं त्यांना माहीत आहे. पोरं तोंडाकडे बघत राहिली.

येत्या रविवारी सकाळी दहाला पहिलं वाचन त्यांच्याच ओसरीवर. सुरुवात ‘इथे चुकलो’पासून. दिवाळीत तसंच पत्र आलेल्या शाखेची पोरं बावीस किलोमीटरवरून येतायत, त्यांची जोडशाखा हीच ठरली. बारनिशींच्या चार रकान्यांच्या वह्या आणल्यात, आणि पोरांनी कोर्ट फी ताईंचा नियम पहिल्या पानावर लिहून टाकलाय. नाव-पत्ते खोडायला मी आजपासून बसतेय.

पारावरचा दादा, एक विनंती. सरांच्या पिशवीत नळयोजनेच्या टाकीची मोजमाप पुस्तिका आहे, सहा पानं. त्यावर सरांचा एकही शेरा नाही. गवंडीदादा एखाद्या रविवारी आमच्याकडे येतील का? जाण्यायेण्याचं आम्ही बघू.

पारावरचा

आत्ताच बोललो त्यांच्याशी. दुसऱ्या रविवारी येतात. म्हणाले, टाकी आहे तर तीस मीटरचा टेप ठेवा आणि कुणाकडे शिडी असेल तर सांगून ठेवा, वरून मोजावं लागेल. ती सहा पानं त्यांना आधी पाठवू नका. नीट वाचता येत नाही म्हणून संकोच करतात. ओसरीवर सूनबाई वाचतील, ते ऐकतील.